अल्पप्रकाशातील संगीतमैफलीचे छायाचित्रण आणि कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याची निवड

महाविद्यालयाच्या सांस्कृतिक विभागाने टिपलेली मैफलीची छायाचित्रे ही केवळ वार्षिकांकाची गरज नसून संस्थेचा दृश्य दस्तऐवज असतो. एखाद्या वयोवृद्ध कलावंताची मैफल पुन्हा घडेलच असे नाही. परंतु सभागृहातील दिवे मंदावल्यावर घेतलेल्या बहुसंख्य छायाचित्रांत गायकाचा चेहरा रवाळ दिसतो आणि तबलावादकाच्या हातांच्या जागी पुसट छाया उरते. दोष अनेकदा छायाचित्रकाराचा नसून खरेदीच्या तुलनात्मक तक्त्याचा असतो. त्यात मेगापिक्सेल, झूम आणि किंमत यांचे रकाने असतात. अपर्चरचा रकाना मात्र नसतो.

अपर्चर म्हणजे भिंगातून प्रकाश आत येण्याचे छिद्र. त्याचा एफ-अंक जितका लहान, तितके छिद्र मोठे. आणि येणारा प्रकाश या अंकाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणून एफ/५.६ च्या तुलनेत एफ/२.८ ला चौपट प्रकाश मिळतो. झूम भिंगावर सहसा दोन अंक छापलेले असतात. पहिला रुंद दृश्यासाठी, दुसरा झूम पूर्ण ताणल्यानंतरचा. जाहिरातीत पहिला अंक मिरवला जातो, पण मैफलीत आपण बहुतेक वेळ दुसऱ्यावरच काम करतो. निवडीचा खरा निकष हा दुसरा अंक होय.

सोनीच्या आरएक्स१०० मालिकेचे उदाहरण येथे बोलके आहे. २०१२ च्या पहिल्या कॅमेऱ्याचे भिंग २८-१०० मिमी समतुल्य, एफ/१.८-४.९ होते, २०१४ च्या तिसऱ्या आवृत्तीचे २४-७० मिमी, एफ/१.८-२.८. तिसऱ्याची झेप कमी, पण झूमच्या टोकाला प्रकाश सुमारे तिप्पट. प्रस्तुत लेखकाच्या मते मैफलीसाठी तिसरी आवृत्तीच श्रेयस्कर, कारण अंतराची उणीव पुढच्या रांगेत बसून भरून काढता येते, प्रकाशाची नाही. ७० मिमीवर पाच मीटर अंतरावरून सुमारे अडीच मीटर रुंदीचे दृश्य मिळते; गायक व एक साथीदार त्यात सहज मावतात.

सेन्सरचे क्षेत्रफळही तितकेच महत्त्वाचे. स्वस्त कॉम्पॅक्टमधील १/२.३ इंची सेन्सर सुमारे २८ चौरस मिमीचा, तर १ इंची म्हणवला जाणारा सेन्सर सुमारे ११६ चौरस मिमीचा असतो. मेगापिक्सेल वाढवून ही तफावत भरून निघत नाही. पॅनासॉनिकच्या २०१४ च्या एलएक्स१०० मध्ये याहूनही मोठा सेन्सर आणि एफ/१.७-२.८ भिंग होते.

आलापात १/६० सेकंदाचा शटर पुरतो. तबल्याच्या द्रुत लयीला १/२५० सुद्धा कधीकधी अपुरा पडतो. 'स्टॅबिलायझेशन' छायाचित्रकाराच्या हाताचा कंप थोपवते, वादकाच्या बोटांची हालचाल नव्हे, हे विक्रेते क्वचितच सांगतात. मोबाईलची अडचणही अशीच आहे. तो अनेक चित्रे एकत्र करून अंधार उजळतो, पण त्यात हलते हात विरघळण्याची शक्यता असते. शटर यांत्रिक असावा. केवळ इलेक्ट्रॉनिक शटर असल्यास काही एलईडी दिव्यांखाली चित्रात आडवे पट्टे उमटतात. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने अशा वेळी १/५० किंवा १/१०० चा वेग वापरून पाहावा.

फ्लॅशचा विचार करूच नये. अंगभूत फ्लॅशचा प्रकाश काही मीटरपर्यंतच पोहोचतो. मागच्या रांगेतून तो फक्त पुढच्या श्रोत्यांच्या माना उजळतो आणि कलावंताची समाधी मोडतो. फोकससाठी लागणारा लहान दिवा व यंत्राचे कृत्रिम आवाजही बंद करता यावेत.

खरेदीपूर्वी आपलेच मेमरी कार्ड घालून, आपल्याच सभागृहातील रंगमंचाच्या प्रकाशात कॅमेरा तपासावा. मागे काळा पडदा असला की कॅमेरा दृश्य अंधारे समजून चेहरा पांढराफटक करतो. तेव्हा एक्स्पोजर उणे एकवर आणण्याची सोय एका चाकावर, अंधारात चाचपून सापडेल अशी आहे का, तेही त्याच वेळी पाहून घ्यावे.