गिरणगावचे दप्तर

जुने कागद म्हणजे सनदा, महजर व बखरी, असा आपणां संग्राहकांचा ग्रह आहे. तो किती अपुरा आहे, हे डॉ. राजनारायण चंदावरकर यांच्या व्यासंगावरून ध्यानी येते. १९५३ साली मुंबईत जन्मलेल्या या विद्वानाने केंब्रिज येथे अध्यापन करीत या शहरातील गिरणी कामगारांच्या इतिहासास आयुष्य वाहिले.

त्यांचा १९९४ चा ग्रंथ १९०० ते १९४० या काळाविषयी आहे. कामगारांची एकजूट केवळ गिरणीच्या आवारात नव्हे, तर चाळ, खाणावळ, तालीम, उधारीचा दुकानदार व नोकरी लावणारा जॉबर यांच्या संबंधांतूनही घडली, असे त्यांचे प्रतिपादन. अर्थात प्रभादेवी-परळची वस्ती हीच इतिहासभूमी ठरते. मात्र सरकारी दप्तरांत व मालकसंघाच्या अहवालांत कामगाराचा स्वतःचा शब्द क्वचितच आढळतो. ती उणीव नीरा आडारकर व मीना मेनन यांच्या २००४ च्या मुलाखतग्रंथाने अंशतः भरली. त्याची प्रस्तावना चंदावरकरांचीच. २००६ साली ते अकाली निवर्तले.

प्रभादेवीच्या चाळी पाडल्या जात असता भाडेपावत्या, खाणावळींच्या वह्या व संपाची पत्रके रद्दीत जातात. तीही अस्सल साधनेच होत; संग्राहकांनी ती वेळीच हस्तगत करावी, अशी आमची विनंती आहे.