ऊन गेलं? आता काढा फोटो!

अक्कलकोटमध्ये बर्फ भेटतो तो रसाच्या गाड्यावर, गोळेवाल्याकडे, नाहीतर लग्नाच्या मांडवात कोल्ड्रिंकच्या पिंपात. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, अशा सोलापूर जिल्ह्यात वाढलेल्या पोरांना खऱ्या बर्फाचं वेड असणारच! त्यामुळे आता पुण्यात नोकऱ्या करणाऱ्या आमच्या शाळेच्या ग्रुपनं जानेवारीत मनालीचं ठरवलं, तेव्हा तिकिटांच्या आधी चर्चा झाली ती फोटोंची. कोण कुठलं जॅकेट घालणार, डीपी कुणाचा भारी येणार... वगैरे वगैरे.

गप्प होता फक्त एकजण. ग्रुपमधला सगळ्यात सावळा. ग्रुप फोटोत तो दोनच प्रकारे येतो. एकतर काळाठिक्कर, नाहीतर येतच नाही, कारण कॅमेरा स्वतःच्या हातात घेऊन मोकळा होतो. गेल्या वर्षी घरच्यांनी बायोडाटासाठी त्याला एका स्टुडिओत नेलं. तिथं त्याला कॉम्प्युटरवर इतका गोरा करून दिला, की मुलीकडचे घरी आले तेव्हा दार उघडणाऱ्या यालाच त्यांनी विचारलं, 'मुलगा आहे का घरात?' आम्ही हसलो. तोही हसला. पण नंतर बराच काळ त्यानं एकही फोटो काढून घेतला नाही.

आता जरा फंडा क्लिअर करू. कॅमेऱ्याचा लाइटमीटर साधारण एवढंच धरून चालतो, की समोरचं दृश्य सरासरी मध्यम करडं आहे, म्हणजे पडलेल्या प्रकाशातला सुमारे 18 टक्के परत पाठवणारं. ताजा बर्फ मात्र 80 ते 90 टक्के प्रकाश परत फेकतो. मीटरला वाटतं, बापरे, केवढा उजेड! आणि तो अख्खा फोटो खाली ओढतो. मग बर्फ ओल्या राखेसारखा दिसतो आणि त्यातला सावळा चेहरा तर गायबच! दोष रंगाचा नाही, हिशेबाचा आहे.

हा हिशेबही काही आभाळातून पडलेला नाही. रोलच्या जमान्यात लॅबमध्ये प्रिंटचे रंग जुळवायला कोडॅकची 'शर्ली कार्ड' वापरत. कार्डावर गोरी बाई. तिची त्वचा नीट आली की मशीन नीट! कॅनडातल्या अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी 2009 साली यावर सविस्तर लिहिलं. गडद छटा नीट पकडणाऱ्या फिल्मसाठी चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्यांच्या तक्रारींचाही हातभार लागला, असं त्यात आहे. माणसांच्या आधी चॉकलेटचं ऐकलं, बोला! फोनवाल्यांना जाग यायला तर आणखी वेळ लागला. गुगलनं सावळ्या-काळ्या त्वचेसाठी 'रिअल टोन' आणलं ते 2021 मध्ये.

असो. ट्रिपच्या आधी एका रविवारी आम्ही अक्कलकोटला घरी होतो. संध्याकाळी गच्चीवर दोरीला आईच्या दोन पांढऱ्या चादरी आणि सोलापुरी टॉवेल लावले. झाला आमचा बर्फ! सूर्य बुडाल्यावर त्या मित्राला पुढ्यात उभं केलं. पहिला फोटो ऑटोवर. तो बघून म्हणाला, 'काय बे, टॉवेलच दिसायलेत की!' मग एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन प्लस एक, मग प्लस दीड. चादर पांढरी झाली आणि चेहरा उजळला, म्हणजे गोरा नाही झाला, त्याचा स्वतःचा झाला. तो स्क्रीन झूम करून बराच वेळ बघत राहिला. शेवटी म्हणाला, 'चल, येतो मनालीला.'

सोलांगला जाताना रस्त्यात कोट आणि गमबूट भाड्यानं देणारी दुकानं लागतात. तिथले रंगीबेरंगी सूट घालून पोरं अवकाशवीर दिसतात, पण फोटोत लाल-पिवळा रंग झकास उठतो. दुपारभर लख्ख ऊन होतं. सगळे डोळे मिचकावत, कपाळावर आठ्या, नाकाच्या सावल्या हनुवटीपर्यंत. शंभरेक फोटो, एकही धड नाही. चारच्या पुढे सूर्य डोंगराआड गेला, ढग आले, बारीक बर्फ पडायला लागला. आजूबाजूचे लोक कॅमेरे बॅगेत टाकून मॅगीच्या टपरीकडे निघाले.

आणि खरी वेळ तीच असते! उन्हात पांढरा बर्फ आणि सावलीतला सावळा चेहरा यांच्यात इतकं अंतर पडतं, की एक सांभाळायला जावं तर दुसरा जातो. ढगाखाली प्रकाश सगळीकडून, मऊ येतो आणि ते अंतर कमी होतं. शिवाय जमिनीवरचा बर्फ खालून उजेड फेकतो, त्यामुळे डोळ्यांखालच्या खाचा, हनुवटीखालचा काळोख भरून निघतो. स्टुडिओवाला याच कामासाठी पांढरा थर्माकोल लावतो.

मी आयएसओ 800, अॅपर्चर एफ 4, शटर 1/125 पासून सुरुवात केली. अंधारलं तसा आयएसओ 1600 वर नेला. थोडे दाणे आले तर येऊ देत, हललेल्या चेहऱ्यापेक्षा ते परवडतात. फ्लॅश मात्र बंद म्हणजे बंद! लेन्सजवळचे कण उजळून मित्राच्या तोंडावर पांढरे गोळे येतात. व्हाइट बॅलन्स 'क्लाउडी'वर ठेवला, म्हणजे चेहरे निळे पडत नाहीत. बर्फात थोडी निळाई राहिली तर राहू द्या, संध्याकाळ तशीच असते.

आणि माकडटोपी! ती कपाळावरून मागे सारायला लावा, जरा शिव्या खाव्या लागल्या तरी चालेल. टोपीची सावली डोळ्यांवर पडली की सगळं मुसळ केरात. चेहरा डोंगराकडे नको, जिकडे आभाळ मोकळं तिकडे वळवा.

त्या अर्ध्या तासात कुणी पोज देत नव्हतं. भाड्याचे बूट भिजलेले, नाकं लाल, एकजण घसरून पडलेला. त्याला उठवता उठवता आमचा हा मित्र मोठ्यानं हसला आणि मी बटण दाबलं. पापणीवर बर्फाचे दोन कण, मागे धूसर देवदार, रंग अगदी दारात उभा असतो तोच. त्यानं तो फोटो घरी पाठवला. आईचा फोन आला, 'हा कुणी काढला रे? बायोडाटात हाच लावू या.'

एसएलआर नसेल तर अडत नाही. फोनवर मित्राच्या चेहऱ्यावर टॅप करायचं आणि बोट वर सरकवून उजेड वाढवायचा. ब्यूटी फिल्टर आधी शोधून बंद करा, काही फोनांत तो गुपचूप चालू असतो आणि आपल्या रंगाची वाट लावतो. अगदीच अंधारलं तर नाइट मोड, पण तो बरेच फोटो घेऊन एक बनवतो, तेव्हा मंडळींना दोन-तीन सेकंद पुतळा करायला लागेल. आमच्या ग्रुपला ते जमलं नाही.

थंडीत बॅटरी भराभर उतरते. जास्तीची बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. आणि हॉटेलच्या गरम खोलीत शिरण्याआधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून घ्या, नाहीतर चहाच्या चष्म्यासारखी लेन्सवर वाफ धरते. पिशवी तासाभरानं उघडायची. तोवर फोटो बघायला मिळत नाहीत म्हणून पोरं डोकं खातात, खाऊ द्या.