नवं इंटरनेट, जुनं सी

इंटरनेटवरून डेटा आणायचा, पाठवायचा, एवढंच कर्ल या प्रोग्रॅमचं काम. फोन, टीव्ही, राउटर, मोटारी यांत तो किती ठिकाणी बसलाय, याचा त्याच्या कर्त्यालाही अंदाजच बांधावा लागतो. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी मार्च १९९८ मध्ये तो या नावाने पहिल्यांदा बाहेर काढला. आज तो एचटीटीपी ३ बोलतो, पण लिहिला जातो १९८९ च्या प्रमाण सी भाषेत.

त्यात दोन तिरप्या रेघांची कॉमेंट चालत नाही. व्हेरिएबल ब्लॉकच्या सुरुवातीलाच जाहीर करायचं. नव्या पोरांना हे सोवळं वाटेल. पण कुठल्यातरी आडबाजूच्या यंत्रावरच्या जुनाट कंपायलरवरही कर्ल बांधता यायला हवा, असा हट्ट आहे. ६४ बिटी पूर्णांक हवाच, एवढी सूट अलीकडे घेतली गेली.

मला विचाराल तर हे सोवळं थोडं सैल झालं तरी फार बिघडणार नाही. तसा फायदाही बेताचाच. कर्लच्या सुरक्षात्रुटींपैकी जवळपास निम्म्या सीमधल्या चुकांमुळे झाल्या, असा हिशोब स्टेनबर्ग यांनीच २०२१ मध्ये मांडला होता. नव्या प्रमाणाचं सी त्यांतल्या बहुतेक टाळू शकलं नसतं. अशा चुका टाळणाऱ्या रस्ट भाषेतली हायपर ही एचटीटीपी लायब्ररी जोडण्याचा प्रयोग झाला, पण वापरणारे आणि राबणारे दोन्ही कमी पडले. २०२४ च्या अखेरीस तो गुंडाळायचं ठरलं.

खरी मिरास आहे ती कर्लच्या लिबकर्ल या लायब्ररीच्या शब्दाला जागण्यात. ऑक्टोबर २००६ मध्ये एफटीपीची एक जुनी सोय काढली, लायब्ररीचा सुसंगतता-क्रमांक ३ चा ४ झाला आणि तिच्यावर उभे असलेले प्रोग्रॅम पुन्हा बांधावे लागले. त्यानंतर तो क्रमांक हललेला नाही. युक्ती साधी: पर्याय ठरवायला एकच फंक्शन, त्याला पर्यायाचा क्रमांक आणि किंमत द्यायची. नवं काही आलं की नवा क्रमांक, जुने जागच्या जागी. असे तीनशेच्या वर पर्याय साठलेत. एखाद्याचं नाव बदललं तरी जुन्या नावाने लिहिलेला कोड कंपाइल होतोच.

आतली मोडतोड मात्र बिनदिक्कत चालते. सुरक्षित जोडणीचं टीएलएस १.३ न येणाऱ्या बेअरएसएसएल आणि सिक्युअर ट्रान्सपोर्ट या लायब्ररींना २०२५ मध्ये आधी सूचना देऊन काढून टाकलं. क्रमांक तेव्हाही ४ च राहिला.