खेळणाऱ्या मुलांची दुखणी

मैदानी खेळांविषयी सुशिक्षित घरांतून पूर्वी दिसणारी अनास्था आता पुष्कळ कमी झाली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. हायस्कुलातील मुले-मुली खोखो, कबड्डी, क्रिकेट हौसेने खेळतात आणि वडील मंडळीही त्यांचे कौतुक करतात. परंतु एखादे दिवशी मुलाने गुडघा दुखत असल्याचे सांगितले की घरात दोनच उत्तरे तयार असतात. काका म्हणतात, ‘खेळायचे म्हणजे एवढे चालायचेच!’ आजी म्हणते, ‘उद्यापासून खेळ बंद!’ उत्तरे परस्परविरुद्ध, पण परिणाम एकच. पुढच्या खेपेस मूल काही सांगतच नाही. आमच्या मते मूळ दुखण्यापेक्षा ही लपवालपवीच अधिक घातक होय.

वाढत्या मुलाचे शरीर ही प्रौढ शरीराची लहान प्रतिकृती नव्हे. त्याच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा मऊ थर असतो व हाडाची लांबी तेथे वाढते. मांडीच्या बळकट स्नायूंची ओढ गुडघ्याच्या वाटीमार्गे नडगीच्या ज्या उंचवट्यावर येते, तोही या वयात कच्चाच असतो. उड्या मारणे, खोखोत एकाएकी उठून धावणे, यांमुळे तेथे वारंवार हिसके बसून सूज येते आणि टेंगूळ दिसू लागते. बोस्टनचे ऑस्गुड आणि झुरिकचे श्लाटर या दोघा शल्यवैद्यांनी १९०३ साली स्वतंत्रपणे या विकाराचे वर्णन केले. तो बहुधा १० ते १५ वर्षांच्या मुलांत, आणि मुलींत त्याहून थोडा आधी, आढळतो व वाढ पुरी झाली म्हणजे सहसा आपोआप शमतो. त्यासाठी खेळ सर्वस्वी सोडण्याची गरज क्वचितच पडते. वेदनेच्या मानाने धावणे व उड्या कमी करणे, फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाने शेकणे आणि मांडीचे स्नायू ताणण्याचा व्यायाम, एवढ्याने बहुतेकांचे काम भागते.

सर्वच दुखणी मात्र अशी निरुपद्रवी नसतात. वेगवान गोलंदाजाची कंबर प्रत्येक चेंडूस मागे वाकते, कलते आणि पिळली जाते. हे अतोनात झाले की मणक्याच्या कमानीस बारीक चीर पडू शकते. आरंभी ती साध्या क्ष-किरण चित्रात पुष्कळदा दिसतही नाही. वेळीच ओळखल्यास काही महिन्यांच्या विश्रांतीने ती भरून येण्याचा चांगला संभव असतो. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने कोवळ्या वयाच्या वेगवान गोलंदाजांस षटकांची मर्यादा घालून दिली आहे, ती यासाठीच. आपल्याकडे एकच मुलगा सकाळी शाळेसाठी, सायंकाळी क्लबासाठी आणि रविवारी वाड्यातल्या मित्रांसाठी गोलंदाजी करतो. बेरीज कोणीच करीत नाही. ज्या कॅलेंडरावर दुधाचा हिशेब लिहितात, त्यावरच ही षटकेही मांडावीत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने आठवड्यास एक-दोन दिवस आणि वर्षातून एकंदर दोन-तीन महिने त्या विशिष्ट खेळास सुट्टी देण्याची शिफारस केली आहे.

मुलींविषयी एक गोष्ट मातांनी विशेष ध्यानात ठेवावी. सराव भरपूर आणि आहार अपुरा असा प्रकार चालल्यास मासिक पाळी अनियमित होते वा थांबते आणि हाडेही दुबळी होतात. ही लाजेने दडविण्याची बाब नव्हे.

ताज्या दुखापतीवर जोराने चोळणे, सांधा ओढणे हे प्रकार करू नयेत. मूल लंगडत असेल, गुडघा मुरगळून लगेच सुजला असेल, सांधा अडकत असेल, रात्री वेदनेने झोपमोड होत असेल किंवा गोलंदाजाची कंबर सतत दुखत असेल, तर अस्थितज्ज्ञास दाखविण्यात हयगय करू नये. डोक्यास मार बसून भोवळ आल्यास त्या दिवसाचा खेळ तेथेच थांबवावा व डॉक्टरांस दाखवावे. वेदनाशामक गोळी देऊन सामन्यास उभे करणे तर सर्वथा वर्ज्य.

हे सर्व साधावयाचे तर मुलाने आधी तोंड उघडले पाहिजे. दुखणे सांगितल्याने आपला खेळ जाणार नाही, उलट टिकेल, असा विश्वास त्यास घरातच मिळाला, तर निम्मा उपचार तेथेच झाला असे समजावे.