रिकामी इमारत म्हणजे कशानं रिकामी?



मागच्या वेळी आपण वैशेषिकांचा पदार्थविचार घेतला होता आणि सातव्या पदार्थापाशी, म्हणजे अभावापाशी, येऊन थांबलो होतो. व्याख्यान संपल्यावर हिंगणघाटहून आलेल्या एका तरुण श्रोत्यानं विचारलं, "सर, आमच्याकडे एक जुनी जिनिंग बंद पडून आहे. तिचं काय करावं, हे तुमचं शास्त्र सांगतं का?" सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी जाताना प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून आज त्याच्यावरच बोलायचं ठरवलंय.

आधी शास्त्राचं थोडक्यात. नैयायिक म्हणतात, नुसतं 'नाही' असं काही नसतं. जमिनीवर घडा नाही, असं म्हटलं की दोन गोष्टी सांगाव्या लागतात. कशाचा अभाव, तर घड्याचा. तो घडा झाला प्रतियोगी. आणि कुठं अभाव, तर जमिनीवर. ती झाली अनुयोगी. प्रतियोगी सांगितल्याशिवाय अभावाचं वाक्य पुरंच होत नाही. आता बघा, आपण सर्रास म्हणतो, 'ती इमारत रिकामी आहे.' यात अनुयोगी आहे, इमारत. प्रतियोगी कुठाय? कशानं रिकामी? मालक म्हणेल, भाड्यानं. नगरपरिषद म्हणेल, करानं. तिथं रेचे चालवणारा माणूस म्हणेल, कामानं. इमारत एकच, पण अभाव तीन झाले, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. नव्या वापराच्या बहुतेक चर्चा फिसकटतात त्या इथंच, असं आमचं मत आहे.

आणखी एक भेद उपयोगी पडेल. वस्तू निर्माण होण्याआधीचा अभाव तो प्रागभाव. त्याला आरंभ नाही, पण अंत आहे. वस्तू झाली की तो संपला. वस्तू नष्ट झाल्यावरचा तो प्रध्वंसाभाव. त्याला आरंभ आहे, अंत नाही. फुटलेला घडा तोच घडा म्हणून परत येत नाही.

आता जिनिंगकडे वळू. आमचं बालपण एका जिनिंगच्या भिंतीला लागून गेलं. दसरा-दिवाळी उलटली की बैलगाड्यांची रांग लागायची, रात्रभर गाडीवान शेकोटीशी बसलेले, हवेत रुईचे तंतू, आई वाळवणं घरात घ्यायची. उन्हाळा संपेपर्यंत सरकी वेगळी, रुई वेगळी, गाठी बांधून रेल्वेकडे. मग पावसाळ्यात फाटकाला कुलूप. म्हणजे चालू जिनिंगसुद्धा वर्षातले काही महिने रिकामीच असायची, हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

या जिनिंग रेल्वेच्या आधारानं वसल्या, म्हणून आज त्या गावाच्या मधोमध आहेत. १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी योजना आली, तेव्हा त्यांना काम होतं. पुढं ती योजना मागं पडली. २००० साली केंद्राचं कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू झालं, नवी यंत्रं आली, ट्रकला वळायला जागा असलेल्या गावाबाहेरच्या रस्त्यांवर नव्या जिनिंग उभ्या राहिल्या. जुन्या मागं पडल्या. कुठं सहकारी संस्थेवर अवसायक बसलेला, कुठं बँकेचा बोजा, कुठं भावकीचा वाद. कुलूप मात्र सगळीकडे सारखंच.

ही झाली प्रध्वंसाभावाची गोष्ट. उलट, बसस्थानकाजवळच्या व्यापारी संकुलाचा वरचा मजला बघा. गाळे बांधले, लिलाव पुकारला, अनामत इतकी की छोट्या दुकानदाराला झेपेना. आणि गिऱ्हाईक जिना चढत नाही, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. तिथं दुकान कधी नव्हतंच. हा प्रागभाव. त्यावर नुसत्या भाड्यात सूट देऊन भागत नाही, जिना चढून येणारं काम तिथं आणावं लागतं. आणि पोरांनी ते शोधलंसुद्धा! स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका अशाच वरच्या मजल्यांवर चालतात. अभ्यासाला येणाऱ्याला रस्त्यावरची गर्दी नकोच असते. आमच्या मते हा नव्या वापराचा अतिशय समजूतदार नमुना आहे, आणि कुठल्याही आराखड्यात तो नव्हता.

हे भेद म्हणजे पंडिती खेळ वाटत असतील तर मुंबईकडे बघा. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढं गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत, नियम ५८ मध्ये, जमिनीच्या वाटणीची तरतूद झाली: ढोबळमानानं एक तृतीयांश शहराच्या मोकळ्या जागांना, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांना, उरलेली मालकाला. २००१ साली दुरुस्ती आली. आता वाटणी फक्त 'मोकळ्या' जमिनीची. मग वाद असा पेटला की मोकळी म्हणजे कोणती? आधीपासून जिच्यावर बांधकाम नव्हतं ती, की गिरणी पाडल्यावर मोकळी झालेली सुद्धा? म्हणजे प्रध्वंसाभाव धरायचा की नाही! २००५ साली उच्च न्यायालयानं पाडल्यानंतरची जमीनही धरली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं २००१ ची दुरुस्ती कायम ठेवली, आणि पाडून मोकळी झालेली जमीन वाटणीबाहेर राहिली. बागांना आणि घरांना मिळणारा वाटा त्यामुळं फार आटला. एका शब्दाचा अर्थ केवढ्याला पडतो, बघा. परळ-लोअर परळला आज मॉल आहेत, कचेऱ्या आहेत. वापर नवा मिळाला, नाही असं नाही. पण तिथं प्रतियोगी धरला गेला तो उत्पन्नाचा. काम हा प्रतियोगी कुणी मोजला नाही.

आपल्या वर्ध्यात याच्या उलटं उदाहरण आहे. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि तिथलं घर त्याला दिलं. तीच मगनवाडी. जागा व्यापाऱ्याची, पण बाजाराची नव्हे, हे कबूल. उदाहरण तंतोतंत बसत नाही. तरी प्रश्न कसा मांडला गेला ते बघण्यासारखं आहे. खेड्यात काय उरलं नाही? घाणी उरली नाही, हातकागद उरला नाही. मग कुमारप्पांच्या देखरेखीखाली नेमकं तेच तिथं आणलं. १९३८ च्या डिसेंबरात गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं, ते आजही आहे. अर्थात तिथं देणारा मालक होता. प्रत्येक गावात जमनालालजी नसतात.

तर आमच्या तरुण मित्राला उत्तर असं. जिनिंगचे रेचे परत फिरतील या आशेवर थांबू नका, तो अभाव संपणारा नाही. पण तिथलं काम, साठवण, माणसांची ये-जा, यांचा अभाव मात्र भरून काढता येतो. उंच छप्पर, जाड भिंती, मोठं फाटक, मोकळं आवार, हे सगळं साठवणुकीला, सोयाबीन-तूर चाळून प्रतवारी करायला, बचत गटांच्या डाळ मिलला चालण्यासारखं आहे. आणि ते मघाचं कुलूप आठवा. या इमारतींना हंगामानं राबायची सवय आहे. बाराही महिने एकच भाडेकरू शोधण्याचा हट्ट कशाला? हंगामात धान्य, उन्हाळ्यात लग्नकार्य, पावसाळ्यात पोरांचा व्यायाम असं का नको?

मात्र माणसं आत आणायची तर वापरबदलाची परवानगी, विजेची नवी जोडणी आणि बाहेर पडायला दुसरा दरवाजा, यात सवलत मागू नका. २९ डिसेंबर २०१७ ला, मध्यरात्र उलटल्यावर, कमला मिलच्या आवारातल्या आगीत १४ माणसं गेली. जिनिंगचं फाटक मोठं असतं, पण बहुतेकदा एकच असतं.

आणि पहिली बैठक घ्याल तेव्हा मालक, अवसायक, नगरपरिषद यांच्याबरोबर तिथं पूर्वी कामाला असलेल्यांनाही बोलवा. ती आता आमच्याच वयाची असतील. कुठल्या भिंतीला पाणी लागतं, कुठला खांब आतून खाल्ला गेलाय, हे नकाशात नसतं, ते त्यांना ठाऊक असतं. शिवाय त्यांची देणी राहिली असतील तर तीही त्याच बैठकीत निघतील. निघू द्या. पुढच्या वेळी अन्योन्याभाव घेऊ.