धडा तिसरा : घरी वाचून या

दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ भाग २ या पुस्तकात तिसरा धडा आहे ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया : भाग २’. बालभारतीने हे पुस्तक उर्दू माध्यमासाठीही काढले आहे. धड्यात मानवी प्रजननसंस्था आहे, मासिक पाळीचे चक्र आहे, सिफिलिस आणि गोनोरिया हे आजार आहेत, टेस्ट ट्यूब बेबीसुद्धा आहे. पुस्तक लिहिणाऱ्यांनी लाज बाळगलेली नाही.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत मिळून मी वीस वर्षे उर्दू आणि मराठी शिकवते आहे. विज्ञान माझा विषय नाही, पण या धड्याचा तास कसा होतो ते शिक्षकांच्या खोलीत बसून मला चांगले ठाऊक आहे. अमिबाचे विभाजन, यीस्टचे मुकुलायन, फुलाचे भाग हे सगळे नीट होते. माणसापर्यंत आले की सर किंवा आपा म्हणतात, ‘पुढचे घरी वाचून या, महत्त्वाचे प्रश्न लिहून देईन.’ मुलगे खाली बघून हसतात, मुली ओढणी सावरतात. परीक्षेत आकृतीला नावे देऊन गुणही मिळतात.

आणि समजा एखाद्या शिक्षकाने सगळा धडा मनापासून शिकवला, तरी तोवर मुलगी पंधरा-सोळा वर्षांची झालेली असते. पाळी बहुतेक मुलींना बाराव्या-तेराव्या वर्षी येते, काहींना दहाव्या वर्षीही. म्हणजे सहावी-सातवीत. मुलाचा आवाज फुटतो तोही सातवी-आठवीत. काही मुली तर दहावीपर्यंत पोचतच नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. आठवीच्या उन्हाळी सुटीनंतर हजेरीपटावरचे एखादे नाव गळते, तेव्हा त्या नावामागे काय असते ते आम्हा शिक्षकांना विचारावे लागत नाही. ती मुलगी धडा तिसरा न वाचताच सासरी जाते.

आपल्या मुलांची अडचण आणखी वेगळी आहे, आणि भाषेची शिक्षक म्हणून ती मला जास्त टोचते. आपल्याकडचे मूल घरात दखनी बोलते, शाळेत उर्दू वाचते, आणि दवाखाना, बँक, पोलीस ठाणे इथे त्याला मराठी लागते. तीन भाषा, पण स्वतःच्या शरीराबद्दल बोलायला एकीतही नीट शब्द नाही. घरात पाळीला ‘महीना’ म्हणतात किंवा नुसते ‘नमाज नहीं है’. उर्दू पुस्तकात ‘हैज’ असते. सरकारी दवाखान्यात डॉक्टर विचारतात, ‘पाळी कधी आली होती?’ मुलगी अम्मीकडे बघते, अम्मी जमिनीकडे बघते. बाकीच्या अवयवांचे तर विचारूच नका. उर्दूतला सभ्य शब्द ‘शर्मगाह’, मराठीतला ‘गुप्तांग’. एकात शरम, दुसऱ्यात लपवणे. पुस्तकातला ‘जननेंद्रिय’ हा शब्द तर मुलांना कुठल्या तरी यंत्राचे नाव वाटतो.

काही शब्द मात्र आपल्याकडे फार चांगले आहेत आणि ते आपण वापरत नाही. गर्भाशयाला ‘रहम’ म्हणतात. ‘रहमान’ आणि ‘रहीम’ ज्या मुळापासून आले, त्याच मुळातला हा शब्द. नातेवाइकांशी नाते जपण्याला आपण ‘सिलारहमी’ म्हणतो, तेही इथूनच. हे सांगितले की सहावीच्या मुली मान वर करून ऐकतात. मुलांच्या बाबतीतही तसेच आहे. झोपेत वीर्यस्राव होतो त्याला बोलीत ‘स्वप्नदोष’ म्हणतात. ज्यात काही दोष नाही त्याच्या नावातच दोष! आपला ‘एहतेलाम’ हा शब्द साधा आहे, त्यात कुणावर ठपका नाही. फिकहमध्येही त्यावर गुस्ल सांगितले आहे, गुनाह नाही.

मुलग्यांना हे कुणी सांगत नाही. ते शिकतात भिंतींवरून. एसटी स्टँड, रेल्वेचा रूळ, बाजाराचा रस्ता, कुठेही जा, ‘गुप्तरोग’, ‘धातू जाणे’, ‘शर्तिया इलाज’ रंगवलेले असते. चौदा वर्षांचा मुलगा वाचतो आणि आपल्याला तोच रोग झाला असे समजतो. या भीतीला वैद्यकशास्त्रात नावही आहे, ‘धात सिंड्रोम’. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली ते दिले. शरीराचा आजार नसताना केवळ वीर्य जाते या भीतीने अशक्तपणा, बेचैनी, झोप न लागणे, असा तो प्रकार. त्यावर तंबूतल्या वैदूची पुडी लागत नाही, दहा मिनिटांचे खरे बोलणे लागते. आता भिंतीच्या जोडीला मोबाइल आला आहे. त्यात काय दिसते ते मी या मासिकात लिहिणार नाही, पण ज्या घरात बाप बोलत नाही त्या घरात मोबाइल बोलतो.

सरकारने काही केलेच नाही असे मात्र नाही. २००५ मध्ये केंद्र सरकार आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने शाळांसाठी किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम आणला. त्यातल्या चित्रांवर आणि मजकुरावर अनेक राज्यांत आक्षेप आले. २००७ साली आपल्या विधिमंडळातही ओरड झाली आणि महाराष्ट्राने तो थांबवला. तेव्हा मुख्यमंत्री आपल्या लातूरचेच, विलासराव देशमुख. आक्षेप घेणारे सगळे चूक होते असे मला वाटत नाही. साठ मुलामुलींच्या एकत्र वर्गात, तयारी नसलेल्या शिक्षकाच्या हाती काही चित्रे देणे बरोबर नव्हते. पण चित्र नको म्हणून शब्दही नको, असे झाले. त्या वर्षी सातवीत असलेल्या मुली आज सहावी-सातवीतल्या मुलींच्या अम्मी आहेत.

पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, ‘आरोग्य दूत’ म्हणून तयार करायचे आणि आठवड्याला एक तास द्यायचा. विषय अकरा. वाढते वय, नातेसंबंध, पोषण, व्यसन, प्रजनन आरोग्य आणि एचआयव्ही, हिंसेपासून सुरक्षितता, इंटरनेटचा सुरक्षित वापर वगैरे. कागदावर यापेक्षा चांगले मागता येणार नाही. महिन्याभरात कोरोनाने शाळा बंद झाल्या. त्या उघडल्यावर मी पाहिलेल्या शाळांत पोषण, व्यसन आणि हात धुणे यांचे तास झाले, प्रजनन आरोग्याचा तास बहुधा ‘घरी वाचून या’ झाला. प्रशिक्षण घेतलेल्या आपांची बदली झाली की नवा शिक्षक पुन्हा पहिल्यापासून.

घरी तरी वाचून होते का? आपल्या घरांत रमजानमध्ये पाळी आलेली मुलगी दार लावून, भावाला कळू नये म्हणून, घाईघाईने दोन घास खाते. काही तर दिवसभर उपाशी राहून रोजा असल्यासारखे दाखवतात. शरीअतने तिला रोजा नंतर पूर्ण करायची आणि नमाजची तर कायमची सूट दिली आहे. ती सवलत लपवावी लागते, कारण घरातल्या पुरुषांना हा विषयच नाही असे आपण ठरवले आहे.

यालाच आपण हया म्हणतो. पण हदीसमध्ये वेगळे चित्र दिसते. हजरत उम्मे सुलैम (रजि.) यांनी पैगंबर मुहम्मद (स.) यांना स्त्रीच्या एहतेलामविषयी थेट विचारले होते, आणि अल्लाह सत्याच्या बाबतीत लाजत नाही अशीच सुरुवात केली होती. त्यांना उत्तर मिळाले, झिडकारले गेले नाही. दीन समजून घेताना लाज आड येऊ दिली नाही म्हणून हजरत आयेशा (रजि.) यांनी अन्सारी स्त्रियांची तारीफ केली आहे. सूरह अन्-नूरच्या ५८ आणि ५९ व्या आयतीत मुलांनी दिवसाच्या कोणत्या तीन वेळी परवानगी घेऊन खोलीत यावे आणि वयात आल्यावर नेहमीच परवानगी घ्यावी, हे सांगितले आहे. वयात येणे म्हणजे काय हे मुलाला सांगितल्याशिवाय ही आयत शिकवायची कशी? आपल्या आजींच्या कपाटातल्या ‘बहिश्ती जेवर’मध्येही हैज आणि गुस्लचे मसले मोकळेपणाने दिलेले आहेत. म्हणजे मकतबमध्ये तहारतचे नियम मिळतात, शाळेत आकृती मिळते. मधला भाग, म्हणजे हे तुझ्याच शरीरात होणार आहे आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही, तो कुणाच्याच वाट्याला नाही.

शब्द नसण्याची सर्वांत मोठी किंमत कुठे मोजावी लागते ते ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला दिसले. शाळेतल्या दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. मुलींनी घरी आपल्या भाषेत सांगितले म्हणून तो उघड झाला. शाळेला कळूनही तिने पोलिसांना कळवले नाही, यावर मुंबई उच्च न्यायालयाने कडक शब्दांत बोट ठेवले. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पोक्सो कायद्याने अशी माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती कळवण्याची जबाबदारी टाकली आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा असेही सांगतो की मूल जसे बोलेल तसाच जबाब नोंदवायचा, आई-वडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती समोर हवी, आणि नोंदीची भाषा मुलाला समजत नसेल तर दुभाषा द्यायचा. उर्दू माध्यमाच्या पालकांनी हे कलम लक्षात ठेवावे. पण दुभाषा शब्दांचे भाषांतर करतो. मुलाकडे शब्दच नसेल तर तो काय करणार? चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबरही बोलता येणाऱ्या मुलाच्याच कामाचा.

लातूरची गोष्ट आणखी निराळी. नांदेड, परभणी, बीडकडची पंधरा-सोळा वर्षांची मुलेमुली ‘लातूर पॅटर्न’च्या ओढीने तिथे येतात, वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहतात. आता आपल्या मुलीही जातात, आणि मला त्याचा आनंद आहे. निघताना अम्मी लोणचे, गादी, कुरआन शरीफ, सगळे बांधून देते. पाळी दोन महिने चुकली तर कुणाला सांगायचे, खोलीमालक नको तितका जवळ येऊ लागला तर काय म्हणायचे, हे त्या सामानात नसते. तणावाने पाळी मागेपुढे होते एवढे ठाऊक नसल्यामुळे नीटच्या तयारीतली एखादी मुलगी आठवडेच्या आठवडे मनात काहीबाही घेऊन बसते.

काही अम्मी मला विचारतात, ‘आपा, इतके सांगितले तर मुली बिघडणार नाहीत का?’ प्रश्न प्रामाणिक आहे. युनेस्कोने २०१८ च्या मार्गदर्शिकेत जगभरातले अभ्यास पाहून म्हटले आहे की अशा शिक्षणाने मुले लवकर शरीरसंबंधांकडे वळत नाहीत. मी वर्गातला अनुभव सांगते. ज्या मुलीला माहीत असते ती कमी कुजबुजते.

गेली काही वर्षे आम्ही सहावीच्या मुलींचा एक तास घेतो. त्याआधी एका दुपारी त्यांच्या अम्मींना बोलावतो. फळ्यावर तीन रकाने आखतो : घर, उर्दू, मराठी. घरच्या रकान्यात काय लिहायचे ते अम्मींनीच सांगायचे. पहिली दहा मिनिटे कुणी तोंड उघडत नाही. मग मागे बसलेली एखादी नानी एक शब्द बोलते आणि सगळ्या हसतात. तिथून फळा भरायला वेळ लागत नाही. त्या शब्दांचे कागद अम्मी घरी नेतात. गेल्या वर्षी एकीने दोन मागितले, एक लातूरला शिकणाऱ्या मोठ्या मुलीला पाठवायला.

मुलग्यांचा तास अजून सुरू झालेला नाही. तो सरांनीच घ्यायला हवा. दोघांना विचारले आहे. एकाने सरळ नाही म्हटले, दुसरे म्हणाले, ‘आधी तो कागद द्या, घरी वाचून बघतो.’