आधी खुंट विचारा

बाबा पहिल्यांदा इंग्लंडात आमच्याकडे स्लावला आले तेव्हा ऑगस्ट संपत आला होता. चहा झाल्याझाल्या मी त्यांना मागच्या परसात नेलं. परसू म्हणजे १८ फूट रुंद, ३० फूट लांब, त्यातही एक कोपरा शेडने खाल्लेला. उरलेल्या जागेत माझं सफरचंदाचं झाड. लावून चौथं वर्ष होतं आणि त्या साली बावीस फळं लागली होती. रोज मोजत होते, म्हणून आकडा पक्का. चिपळूणजवळच्या गावात जन्मभर हापूसची कलमं बांधलेल्या माणसाने निदान ‘वा’ म्हणावं, एवढीच माझी अपेक्षा. बाबांनी फळांकडे धड पाहिलंही नाही. गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, बुंध्याजवळची माती बोटाने उकरली आणि म्हणाले, “खुंट कसला गो?”

“कॉक्स. कॉक्सेस ऑरेंज पिपिन.”

“तो वरचा झाला. खाली कोण आहे?”

मला सांगता येईना. शेडमध्ये खिळ्याला अडकवलेलं जुनं लेबल शोधून आणलं. वर मोठ्या अक्षरांत फळाचं नाव, खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘एम २६’. ते मी चार वर्षांत एकदाही वाचलं नव्हतं. तोवर बाबांचा निकाल झाला होता. “जोड गाडलास तू. आता वरचा स्वतःची मुळं सोडणार आणि खालच्याला कोणी विचारणार नाही.”

ते झाड आज वीस फुटांच्या वर गेलं आहे. शेजाऱ्यांच्या झोपण्याच्या खोलीतला उजेड त्याने अडवला आहे आणि त्याची भरपाई म्हणून दर ऑक्टोबरात एक पाटी फळं त्यांच्या दारात जातात. पण त्या दिवसापासून मला खुंटांचं वेड लागलं ते लागलंच. सफरचंदाचं झाड घ्यायचंय म्हणून कोणी फोन केला की मी जातीबद्दल बोलायच्या आधी अर्धा तास खुंटावर बोलते. इथेही तेच होणार आहे.

सफरचंदाची बी पेरली तर उगवतं ते रायवळ. आंब्याची कोय रुजवून हापूस मिळत नाही, तसंच हे. सफरचंदाचं फूल बहुधा स्वतःच्या परागांनी फळत नाही, दुसऱ्या जातीचा पराग लागतो. त्यामुळे प्रत्येक बी म्हणजे अर्धी सोडत. म्हणून चांगली जात सापडली की तिची डोळकाडी घेऊन दुसऱ्याच्या मुळांवर बांधायची, हा धंदा दोन हजार वर्षांहून जुना आहे. फळ कसलं, ते वरची काडी ठरवते. झाड किती उंच होणार, फळ कितव्या वर्षी धरणार, वाऱ्यात उभं राहणार की नाही, हे मात्र बरंचसं खुंट ठरवतो. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांना हे सांगावं लागत नाही. खारवट जमीन आणि अपुरं पाणी, म्हणून त्यांनी डॉगरिजवर वेली चढवल्या. आपल्या कोकणात खुंट म्हणजे मिळेल त्या रायवळाचं रोप. एकाच दिवशी बांधलेली दोन हापूस कलमं पुढे दोन वेगळ्या उंचीची होतात, त्यामागे जमिनीइतकाच हाही गुण असतो.

सफरचंदात बुटके खुंट युरोपात फार पूर्वीपासून होते. अगदी ठेंगण्यांना ‘पॅरडाइज’ म्हणत, त्याहून थोड्या मोठ्यांना ‘डूसँ’. गोंधळ असा की विसावं शतक उजाडेपर्यंत प्रत्येक रोपवाटिकेचा पॅरडाइज वेगळा झाला होता. एकाच नावाखाली पाच झाडं आणि एकाच झाडाला पाच नावं. केंट परगण्यात ईस्ट मॉलिंग इथे १९१३ साली फळसंशोधन केंद्र निघालं आणि रोनाल्ड हॅटन या माणसाने हा गुंता सोडवायला घेतला. ठिकठिकाणच्या रोपवाटिकांतून खुंट मागवले, शेजारी शेजारी लावले, पानं, साल, मुळं, वाढ पाहून सारख्याला सारखा लावला आणि १९१७ मध्ये नऊ प्रकार वेगळे काढून त्यांना रोमन आकडे दिले. मॉलिंगचे म्हणून एम १ ते एम ९. पुढे यात भर पडत गेली. हे आकडे उंचीच्या क्रमाने नाहीत, हे नवख्याने आधी डोक्यात पक्कं करावं. एम ९ बुटका, एम २५ आडदांड आणि एम २७ सगळ्यांत ठेंगू. पुण्याच्या पेठांतले घरक्रमांक ज्याला सापडतात, त्याला हेही जमेल.

यातला एम ९ हा माझा लाडका. १८७९ च्या सुमारास फ्रान्समध्ये आपोआप उगवलेलं हे एक रोप, मूळ नाव ‘जोन द मेत्स’, म्हणजे मेत्सचा पिवळा. आज जगातल्या व्यापारी सफरचंद बागांपैकी फार मोठ्या भागाच्या पायाखाली हे किंवा याचेच पोटप्रकार आहेत. आपल्या हिमाचलातही बियांच्या खुंटांवरची जुनी प्रचंड झाडं काढून एम ९ आणि एम एम १०६ वर दाट लागवड होऊ लागली आहे. याची मुळं ठिसूळ, साल जाड. झाड आठ-दहा फुटांवर थांबतं, पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ धरतं. बियांच्या खुंटावर त्याच फळासाठी सहा ते दहा वर्षं बसावं लागतं. या गुणाची किंमत म्हणजे जन्मभराची काठी. आधाराची मेख दोन-तीन वर्षांनी काढून टाकलीत तर एखाद्या वादळी सकाळी झाड फळांसकट आडवं सापडेल.

एम एम हे दुहेरी आडनाव लोकरी माव्यामुळे आलं. उसावरच्या लोकरी माव्याने आपल्याकडे केलेला कहर अनेकांना आठवत असेल. सफरचंदावरचा मावा त्याच्याच भावकीतला, पण वेगळा. तो फांद्यांवर आणि मुळांवरही बसतो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या बागा त्याने हैराण झाल्या होत्या. ‘नॉर्दर्न स्पाय’ ही जुनी अमेरिकन जात त्याला दाद देत नाही. ईस्ट मॉलिंगने मर्टनच्या जॉन इनेस संस्थेबरोबर तिचा संकर करून जी मालिका काढली, ती मॉलिंग-मर्टन. एम एम १०६ हे त्यातलं सर्वांत यशस्वी लेकरू. तेरा-चौदा फुटांचं, थोड्याफार हलक्या जमिनीलाही कुरकुर न करणारं.

मग छोट्या बागेला कुठला? माझं मत सांगते. जमीन चांगली असेल, आजूबाजूला गवत न ठेवण्याची शिस्त असेल, तर एम ९. थोडा विसरभोळेपणा असेल तर एम २६, दहा-बारा फूट. जमीन वाळूची किंवा दगडगोट्यांची असेल तर सरळ एम एम १०६. एम २७ पाच-सहा फुटांवर थांबतो, म्हणून कुंडीवाल्यांना विकला जातो. मला तो खेळणं वाटतो. पाणी एक आठवडा चुकलं की रुसतो आणि गवताशीसुद्धा झगडू शकत नाही. एम २५ मात्र गुरं चारायच्या बागेत लावायचा, घरामागे नाही. आणखी एक बारकावा. वरची जात जोमदार असेल तर झाड अर्थातच मोठं होतं. एम २६ वरचं ब्रॅम्ली हे एम २६ वरच्या कॉक्सपेक्षा पुष्कळ दांडगं. अशा जातीला एक पायरी खालचा खुंट द्यावा.

आता जाती. इंग्लंडच्या राष्ट्रीय फळसंग्रहात, केंटमधल्या ब्रॉगडेलला, सफरचंदाच्या दोन हजारांहून अधिक जाती आहेत, प्रत्येकीची दोन दोन झाडं. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा सकाळी दहाला आत शिरले आणि संध्याकाळी नवरा हाका मारत आला. त्या ओळींतून हिंडताना आपण ‘सफरचंद’ या एका शब्दात किती काय कोंबलंय, याची लाज वाटते. बडीशेपेच्या वासाची आहेत, अननसाची आठवण देणारी आहेत आणि ‘रसेट’ तर चिकूच्याच सालीची. डोळे मिटून हातात धरलं तर घोलवडचा चिकू वाटेल. आतून मात्र घट्ट आणि चवीला भाजलेल्या शेंगदाण्याच्या वळणाचं. ‘एग्रीमाँट रसेट’ छोट्या बागेला फार गुणी. स्कॅब नावाच्या काळ्या डागांच्या रोगाला ते सहसा बळी पडत नाही.

कॉक्स आमच्या अंगणातलं, अक्षरशः. रिचर्ड कॉक्स या निवृत्त दारूभट्टीवाल्याने १८२५-३० च्या दरम्यान स्लावजवळच्या कोलनब्रुकला बी पेरून हे काढलं आणि स्लावच्याच चार्ल्स टर्नर या रोपवाटिकावाल्याने ते विकायला आणलं. मी एका रविवारी बस पकडून कोलनब्रुकला गेले. दर दोन मिनिटांनी हीथ्रोची विमानं डोक्यावरून उतरतात. मुंबईहून येणारंही त्यातच कुठलं तरी. चवीला कॉक्सची बरोबरी नाही, पण स्कॅब, कँकर, पावसाळी हवा, सगळ्याला ते नाजूक. औषधं न मारणाऱ्या घरगुती माळ्याने कॉक्सच्या नादी लागू नये, असं मी कॉक्सवालीच सांगते. त्याच चवीच्या घराण्यातलं ‘सनसेट’ लावावं.

‘डिस्कव्हरी’ची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९४९ च्या सुमारास एसेक्सच्या लँगम गावात डमर नावाच्या बागकामगाराने बिया पेरल्या आणि एक रोप घरापुढे लावायचं ठरवलं. त्याला एकच हात होता, म्हणून बायकोला मदतीला घेतलं. ती घसरून पडली, घोटा मोडला. रोप तसंच गोणपाटाखाली राहिलं, थंडीत, कित्येक आठवडे. ते जगलं आणि आज इंग्लंडच्या लवकर पिकणाऱ्या जातींत त्याचं नाव आधी घेतात. ऑगस्टमध्ये झाडावरून तोडून तिथेच खायचं. ठेवायचं नाही.

ब्रॅम्लीला मी छोट्या बागेतून हद्दपार केलं आहे, पण त्याच्या जन्मगावी, साउथवेलला, जाऊन आले आहे. १८०९ मध्ये मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने बी पेरली. पुढे घर ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने घेतलं. १८५६ मध्ये मेरीवेदर नावाच्या तरुण रोपवाटिकावाल्याने डोळकाड्या मागितल्या तेव्हा खाटीक म्हणाला, घे, पण नाव माझं लागलं पाहिजे. पेरणारीचं नाव गेलं, मालकाचं राहिलं. ब्रॅम्ली त्रिगुणित गुणसूत्रांचं आहे, म्हणजे त्याला दुसऱ्याचे पराग लागतात आणि स्वतः कोणाच्या उपयोगी पडत नाही. ते लावायचं तर आणखी दोन जाती हव्यात. आपल्याकडच्या काही पाहुण्यांची आठवण होते. बाकी जातींना मात्र त्याच सुमारास फुलणारं एखादं झाड शेजारपाजारी असलं तरी भागतं. शोभेचं क्रॅब सफरचंदही चालतं.

लागवडीचं थोडक्यात, कारण ते कुठल्याही पुस्तकात आहे. नोव्हेंबर ते मार्च, पानं गळलेली असताना, उघड्या मुळांचं झाड आणावं. ते कुंडीतल्यापेक्षा स्वस्त आणि पुढे सरस. जिथे जुनं सफरचंद काढलं त्याच खड्ड्यात नवं लावू नये. पहिले दोन उन्हाळे पाणी चुकवू नये. जूनमध्ये झाड आपली फळं आपण गाळतं. त्यानंतरही प्रत्येक घोसात एकच ठेवून बाकी हाताने काढावीत, नाहीतर यंदा पाटीभर आणि पुढच्या साली शून्य. फळ तळहातात धरून हलकं पिळावं. सहज सुटलं तर तयार.

कुंपणालगतच्या तिरक्या झाडांबद्दल मात्र लिहायलाच हवं. इंग्रज याला कॉर्डन म्हणतात. एकच खोड, ४५ अंशांत कलंडलेलं, तारांना बांधलेलं. दोन झाडांत अडीच-तीन फूट. माझ्या १८ फुटांच्या कुंपणावर सहा झाडं, सहा जाती, ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत फळ. खोड तिरकं झालं की वाढीचा जोर ओसरतो आणि फळकळ्या वाढतात. छाटणी ऑगस्टमध्ये: खोडातून निघालेली यंदाची फांदी बुडाच्या पानांचा झुबका सोडून तीन पानांवर, जुन्या फांदीवरची नवी एका पानावर. थंडीतली छाटणी झाडाला चेव आणते, उन्हाळ्यातली आवर घालते. हे समजायला मला दोन थंडीचे मोसम आणि काठ्यांचं एक जंगल लागलं. फांद्यांच्या टोकाला फळणाऱ्या जाती इथे चालत नाहीत. टोकच छाटून टाकल्यावर फळ लागणार कुठे?

महाराष्ट्रातून विचारणा होतेच: आमच्या गच्चीत येईल का? सफरचंदाला फुलायच्या आधी शेकडो तास सात अंशांखालची थंडी लागते. बऱ्याच जातींना हजाराच्या आसपास. कमी थंडीच्या जाती आहेत: इस्रायलची ‘ॲना’ आणि हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यात हरिमन शर्मांनी काढलेली ‘एचआरएमएन ९९’. आपल्याकडे हौशी शेतकऱ्यांनी त्या लावूनही पाहिल्या आहेत. लावा, पण फळापेक्षा हौसेसाठी. पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या आवारात डॉ. जयंत नारळीकरांच्या काळात न्यूटनच्या झाडाच्या वंशातलं कलम लावलं होतं. मूळ झाड, जात ‘फ्लॉवर ऑफ केंट’, १८२० च्या वादळात कोसळूनही न्यूटनच्या गावी, वूल्सथॉर्पला, पुन्हा फुटलं. पुण्यातलं काही तगलं नाही. गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं असलं तरी थंडी नाही.

या नोव्हेंबरात शेडजवळच्या जागेसाठी मी एक नवं झाड मागवलं आहे. परवा फोनवर बाबांना सांगितलं, खुंट आधी आणि जात नंतर: एम २६, वर सनसेट.

“जोड किती वर ठेवणार?”

“चार इंच.”

“सहा ठेव,” ते म्हणाले. “दरवर्षी बुडात खत टाकतेस. तुझी माती चढते.”